जास्तीची माया

मिठूचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, आणि ते तिथेच राहायचं. बाकी जगासाठी ती मिठू. एक तर पोपटासारखी अखंड बोलायची म्हणून, आणि दुसरं म्हणजे मीठ खायची म्हणून. नुसतं मीठ. ताटाच्या कोपऱ्यात चिमूटभर काढून घ्यायची आणि बोट बुडवून चाटत बसायची, इतर मुलं साखर चाटतात तशी.

टेलरताईची आणि तिची ओळख झाली ती मापाच्या टेपमुळे. गल्लीच्या तोंडाशी टेलरताईचं दुकान होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीला एक आरसा. त्या आरशात गिऱ्हाईक होतं त्याहून जरा बारीक दिसायचं, त्यामुळे परत यायचं. मिठू तिथे शाळेचा स्कर्ट शिवायला आली, बापाला घेऊन. बाप इमारतींत लिफ्ट बसवणारा मेकॅनिक. हाताला ग्रीसचा वास, तोंडात मोजून शब्द. बोलण्याचं खातं घरात लेकीकडेच होतं.

"आत माया भरपूर ठेव हं," मिठूने फर्मावलं.

टेलरताई चमकली. पुढे-मागे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात त्याला माया म्हणतात, हे गिऱ्हाइकाला सहसा ठाऊक नसतं.

"हा शब्द कुठे शिकलीस गं?"

"आधीच्या टेलरकडे. तो ठेवायचा नाही, म्हणून तर त्याला सोडला. आणि कमरेला आतून एक चोरखिसा हवा."

"कशाला? गोळ्या चोरून खायला?"

"गोळ्याच. पण चोरून नाही, चारचौघांत खाते." आणि मग कमरेवर हात ठेवून तिने सांगितलं, "आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक टोपी असते. म्हणजे ग्रंथी. ताप आला, पडलो-झडलो, की त्या टोप्या जास्तीचं हॉर्मोन सोडतात आणि माणूस तग धरतो. माझ्या टोप्या जन्मापासून संपावर आहेत. म्हणून माल बाहेरून आणायचा. रोज थोडा, आजारी पडले की जास्त. मीठसुद्धा त्याच्यामुळेच माझ्या अंगात टिकत नाही. समजलं?"

"समजलं," टेलरताई ओठांतल्या टाचण्या सांभाळत म्हणाली.

"सगळ्यांना सांगते ही," बाप ओशाळून म्हणाला. "परवा बसच्या कंडक्टरला सांगितलं."

"त्याने विचारलं होतं," मिठू म्हणाली.

पुढे स्कर्टची उंची वाढवायला, मग सदऱ्याची कॉलर बदलायला, मग काहीच कारण नसताना बापलेक दुकानात येत राहिले, आणि एक दिवस लग्न ठरलं. मिठूची आई ती अगदी लहान असताना गेली होती. टेलरताई आपलं मशीन घेऊन त्यांच्या घरी राहायला आली. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन बसलं आणि मिठूचा अभ्यास त्याच्या शेजारी.

मिठू तिला टेलरताईच म्हणत राहिली. शेजारच्या काकूंनी एकदा खोदून विचारलंच, "अगं, आता तरी आई म्हण की!" तेव्हा मिठूने पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं, "आई एकच होती. टेलरताईपण एकच आहे. उगाच घोळ कशाला?"

काकूंनी टेलरताईकडे असं पाहिलं, जणू हिचाच काही कमीपणा उघडा पडला. काकू वाईट नव्हत्या. वाटीभर काही केलं तर आधी इकडे आणून द्यायच्या. पण सावत्र आई म्हटलं की लोक डोळ्यांत तेल घालून बसतात, आणि काकूंच्या घरी तेल मुबलक होतं. "पोरगी सुकल्यासारखी वाटते," "आज डब्यात काय दिलंस?" "एवढ्याशा जिवाला एवढी औषधं?" एकेक वाक्य टाचणीसारखं. टोचतं, पण रक्त दिसत नाही.

टेलरताई शिकत होती, आणि शिकवत होती मिठू. औषधाच्या वेळा, ताप आला की गोळी किती पटीने वाढवायची, सगळं. आणि इंजेक्शन. गोळी पोटात टिकलीच नाही तर मांडीत द्यायचं इंजेक्शन घरात कायम ठेवलेलं असे. आजवर ते फक्त बापानेच दिलं होतं. म्हणून तर तो कधी परगावचं काम घेत नसे. मोठ्या इमारतींची कामं यायची, बरोबरीचे कारागीर महिना-महिना जाऊन यायचे, आणि हा इथल्याच इमारतींच्या जुन्या लिफ्टांना तेलपाणी करत राहायचा.

मिठूने सरावाला सोफ्याची उशी घेतली. कुपीत पाणी कसं सोडायचं, पावडर विरघळेपर्यंत कसं हलवायचं, हवा कशी काढायची, सगळं करून दाखवलं. सुई टेलरताईच्या हातात दिली, आणि जिच्या हाताखालून सुईने आयुष्यभर कापड पार केलं होतं तिला ती उशीत घालवेना.

"घाबरतेस काय? तू तर दिवसभर हेच करतेस."

"कापडाला दुखत नाही गं."

"मलाही उशीइतकंच दुखतं. अगं, तिरकी काय धरतेस? तुरपाई घालायचीय का माझ्या मांडीला? सरळ धर. सरळ!"

टेलरताई हसून हसून मागे पडली. पण त्या हसण्यात तिच्या मनात येऊन गेलं, ही दहा वर्षांची पोर. हिच्या वयात मी बोटाला काटा रुतला तर घर डोक्यावर घ्यायचे. आणि ही स्वतःच्या जिवाचं यंत्र उघडून, एकेक स्क्रू दाखवून दुसऱ्याच्या हातात देतेय. हसत हसत.

चूक झाली ती त्यानंतर, आणि ती चूक टेलरताईच करू जाणे.

मिठूला सर्दी झाली. ताप नव्हता. टेलरताईने गोळी वाढवून दिली. "सर्दीला नाही लागत," मिठू म्हणाली. "असू दे गं थोडी जास्त," टेलरताई म्हणाली. परीक्षा आली, पोरीला ताण असेल म्हणून थोडी जास्त. खेळून दमली, थोडी जास्त. टेलरताईचा हातच तसा पडलेला होता. कमी पडलेलं कापड कुठून आणणार? जास्तीचं आत दुमडून ठेवता येतं. आणि त्या हातामागे भीतीही होती. कपभर दूध कमी पडलं तर लोक म्हणतील सावत्र. औषध कमी पडलं तर काय म्हणतील? तेव्हा पडलं तर जास्तच पडो.

मिठू भरली. गाल वर आले. स्कर्टची कंबर सोडावी लागली, आतली माया कामी आली. काकूसुद्धा म्हणाल्या, "हाताला चव आहे गं तुझ्या, पोर कशी गुटगुटीत झाली!" टेलरताईला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकं पोट भरलं. कंबर दोनदा सोडली तरी खालचा काठ एकदाही सोडावा लागला नाही, हे तिच्या हातांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी नाही.

डॉक्टरबाईंनी मात्र पाहिलं. मुलांच्या हॉर्मोनच्या आजारांच्या त्या डॉक्टर. ठेंगणा बांधा, मोठा चष्मा आणि मुलांशी बोलताना गमतीचा सूर. त्यांनी मिठूला भिंतीशी उभं करून उंची घेतली, मग काट्यावर उभं केलं, आणि गंमत थांबवली.

"वजन पुढे पळालंय. उंची जागच्या जागी बसून राहिलीय. औषध कोण देतं?"

"मी," टेलरताई म्हणाली.

"ठरल्याप्रमाणेच?"

टेलरताईने सगळं सांगितलं. सर्दी, परीक्षा, खेळ. सांगता सांगता तिला स्वतःच्याच कानांनी ऐकू यायला लागलं. "मला वाटलं, थोडी माया ठेवलेली बरी," ती शेवटी म्हणाली. डॉक्टरबाईंना काही कळेना. तेव्हा मिठूनेच समजावलं, शिवणीतली माया म्हणजे काय ते, स्वतःचा स्कर्ट उलटा करून.

डॉक्टरबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "शब्द फार सुंदर आहे. पण ह्या औषधात ती ठेवता येत नाही. जास्त झालं की वाढ अडते. आजारी नसेल तेव्हा ठरलेल्यापेक्षा कणभरही जास्त नाही. आणि आता उलट बाजू नीट ऐका. गोळी पोटात टिकत नसेल आणि पोर मलूल पडत असेल, तर माप-बीप विसरा. इंजेक्शन द्या आणि हॉस्पिटल गाठा. चुकून दिलेल्या एका इंजेक्शनने हिचं काही बिघडत नाही. न दिलेल्याने मात्र पोर हातची जाऊ शकते. अशा वेळी हिचं शरीर ढेपाळतं, साखर उतरते. मग पोर स्वतःसारखी राहत नाही, भलतंच बोलते."

बाहेर आल्यावर टेलरताई बाकावर बसली. "तुला माहीत होतं ना, जास्त होतंय ते?"

"होतं."

"मग घेत का राहिलीस?"

मिठूने बुटाच्या टोकाने फरशी खरवडली. "मी सांगितलं की तुझं तोंड असं व्हायचं." आणि तिने तोंड करून दाखवलं, उसवलेल्या शिवणीसारखं. "मला वाटलं, चारदोन गोळ्यांनी काय होतंय. तुला बरं वाटेल."

पोरीने उंचीची किंमत देऊन टेलरताईचं मन राखलं होतं. तिने मिठूचा हात धरला आणि घर येईस्तोवर सोडला नाही. मिठूनेही सोडवून घेतला नाही, फक्त म्हणाली, "घाम येतोय तुझ्या हाताला."

गोळ्या जागेवर आल्या, आणि काही महिन्यांनी स्कर्टचा काठ सोडायची वेळ आली. बापाला परगावी एका उंच इमारतीच्या लिफ्टचं काम आलं, आणि ह्या खेपेस तो नाही म्हणता म्हणता थांबला.

"जाऊ का?" त्याने विचारलं. विचारलं दोघींना, पण बघत होता टेलरताईकडे.

"अहो, जा की. मी आहे ना!" ती म्हणाली. आवाज ठाम होता. मनात मात्र दुसरंच चाललं होतं. हे एकदा चुकलं की हा माणूस पुन्हा घराबाहेर पाऊल टाकणार नाही आणि आपण जन्माच्या सावत्र. आणि हे तर झालं नंतरचं. आधी पोर.

"आणि मीपण आहे ना!" मिठू म्हणाली.

बाप गेल्यावर मिठूच्या वर्गात पोटाची साथ आली. दुपारी शाळा लवकर सुटली, आणि मिठू दारातून आत आली तीच ओकत. टेलरताईने मशीन थांबवलं. कपाळ तापलेलं होतं. ठरलेली वाढीव गोळी दिली. ती तशीच बाहेर आली. पुन्हा दिली. पुन्हा बाहेर. मिठू शिवायला आलेल्या पडद्यांच्या ढिगावर पडली, गुडघे पोटाशी घेऊन, आणि तिचं बोलणं थांबलं.

त्या घरात शांतता कधी नसायचीच. टेलरताईला ती शांतता ऐकू आली.

तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. "निघतो," म्हणाले, पण रस्त्यात काम चालू असल्याने वेळ लागेल. मग नवऱ्याला लावला. लागेना. लिफ्टच्या खोल खड्ड्यात माणूस, तिथे कुठला सिग्नल! आवाज ऐकून काकू आल्या.

"अगं, पोटात गेलं असेल काहीतरी. साखर-मिठाचं पाणी दे घोटघोट."

"पोटात ठरत नाही काकू काही." टेलरताईने कपाटातून इंजेक्शनचा डबा काढला होता. पावडरीत पाणी सोडलं, कुपी हलवली, सिरिंज भरली.

मिठूने डोळे उघडले. सुई पाहिली.

"नको."

"मिठू, गोळी ठरत नाहीये राजा."

"नको म्हणते ना! मी बरी आहे. झोपू दे मला."

टेलरताई थबकली. मिठू सुईला कधी नको म्हणाली नव्हती. आणि ह्या बाबतीत मिठूचा शब्द म्हणजे घरात कायदा. मागे पोर सांगत होती, नको, जास्त होतंय, आणि आपण ऐकलं नाही, तेव्हा काय झालं ते समोर होतं. आता पुन्हा ती नको म्हणतेय. पुन्हा न ऐकणारी मी कोण?

"नको म्हणतेय ती," काकूही म्हणाल्या. "जबरदस्ती करू नकोस बाई. तिच्या बापाला येऊ दे. उद्या काही झालं तर लोक तुलाच..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. उरलेलं टेलरताईला पाठ होतं.

तिने मिठूच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेला. "बरं, नाही देत. फक्त एवढं सांग, सुई कशी धरायची? मी विसरले."

मिठूने पापण्या मिटल्या. "कशीही धर," ती पुटपुटली.

कशीही? ही पोर बसच्या कंडक्टरला ग्रंथी समजावते. उशीला टोचतानासुद्धा हिने चार वेळा हात सरळ करायला लावला. मिठू आणि कशीही? नको म्हणणारी ही मिठू नव्हेच. मिठूचा आजार मिठूच्या तोंडाने बोलत होता.

"काकू, पाय धरा हिचे."

"मी?"

"तुम्हीच. घट्ट."

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा काही न विचारता काही केलं असेल तर ते हे. मिठू हातपाय झाडायला लागली, आणि ओरडली, दुपारच्या शांत गल्लीत चार घरं पलीकडे जाईल अशी: "सोड मला! तू माझी कोणी नाहीस! कोणी नाहीस तू!"

ज्या वाक्याला टेलरताई लग्नाच्या दिवसापासून भीत होती ते असं अखेर येऊन पडलं, साक्षीदारासकट.

"नसू दे," ती म्हणाली. "पाय हलवू नकोस."

मांडीची बाहेरची बाजू. सुई सरळ. दाबलं, बाहेर काढली. सरळ गेली होती. काकू पाय धरून रडत होत्या. टेलरताई रडली नाही. तिला तेवढी फुरसत नव्हती. तिने रिकामी कुपी पिशवीत टाकली, मिठूला एका कुशीवर वळवलं, आणि गाडीचा भोंगा ऐकू येईपर्यंत तिच्या नाकासमोर आपली बोटं धरून श्वास तपासत बसली.

हॉस्पिटलात सगळं भराभर झालं. साखर उतरली होती, रक्तदाब खाली होता. सलाइन लागलं. डॉक्टरबाईंनी कुपी हातात घेऊन पाहिली, मांडीवरची जागा पाहिली, आणि "हे दिलंत म्हणून आम्हाला वेळ मिळाला," एवढंच म्हणून पुढच्या कामाला लागल्या. टेलरताईने आत्ता कुठे स्टूल ओढून बसून घेतलं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा मिठूच्या गालावर रंग आला आणि तोंडाला वाचा. आधी नर्सला तिने सलाइनच्या नळीतला बुडबुडा दाखवला. मग शेजारच्या पलंगावरच्या मुलाला तुला काय झालंय म्हणून विचारलं आणि त्याचं संपायच्या आत आपलं सुरू केलं. टेलरताई स्टुलावर बसून बघत राहिली. एवढंसं शरीर. आत्ता काठावरून परत आलं, आणि आल्या आल्या दुसऱ्याला धीर द्यायला लागलं. ही धिटाई हिच्यात कुणी शिवली असेल?

मग मिठूने पांघरूण बाजूला करून मांडी तपासली.

"जागा बरोबर आहे," ती म्हणाली. "तू दिलंस?"

"हो."

"मला काही आठवत नाही. शाळेतून आले, पडदे आठवतात. मी काही बोलले का गं?"

काकू दाराशी थर्मास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि, आश्चर्य म्हणजे, परत मिटलं.

टेलरताईने चादरीची चुणी सारखी केली. खोटं सांगता आलं असतं. पण ह्या पोरीने तिला कधी अर्धवट काही शिकवलं नव्हतं.

"नको म्हणालीस. खूप ओरडलीस. मी तुझी कोणी नाही असंही म्हणालीस."

मिठू कपाळाला आठी घालून विचार करत राहिली, गणित अडलं की करायची तसा.

"आणि तू?"

"मी ऐकलं नाही."

"मी नको म्हणत असताना दिलंस?"

"दिलं. काकूंनी पाय धरले."

"काकूंनी?" मिठूने दाराकडे पाहिलं. काकूंनी थर्मास उगाच ह्या हातातून त्या हातात घेतला.

मिठू मागे उशीवर टेकली. "बरं केलंस," ती म्हणाली. आणि छताकडे बघत, एकेक शब्द सुटा करून: "मी पुन्हा नको म्हणाले ना, तरी ऐकू नकोस. वाट्टेल ते बोलले तरी. रडले तरी. सगळं मी बरी असतानाच सांगून ठेवते. त्या वेळी जे बोलेन ते माझं नसणार."

"बरं," टेलरताई म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. बाप वर आला होता, आणि एका दमात इतके कॉल पाहून त्याचा आवाज चिरकला होता. टेलरताईने सांगायला सुरुवात केली, पण मिठूने मोकळा हात पुढे करून फोन घेतला.

"बाबा, पोटाची साथ होती. ठरत नव्हतं म्हणून टेलरताईने इंजेक्शन दिलं... नाही, सरळ दिलं... हो, सलाइन चालू आहे. आता बरी आहे."

पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. मिठू ऐकत राहिली, डोळे फिरवत.

"निघतो काय निघतो? तिथे लिफ्ट अर्धवट टाकून? लोक काय जिने चढतील?" तिने टेलरताईकडे एकदा बघून घेतलं. "काम पुरं करून ये. आम्ही आहोत इथे."